सहा इंच उंच जीप

मिस्त्रीला तोंडावर सगळे मिस्त्रीच म्हणतात, पण पाठ फिरली की त्याचं नाव ‘अजूनजरा’. नट आवळताना तो हेच दोन शब्द म्हणतो. नट बसलेला असतो, घट्ट झालेला असतो, गिऱ्हाईक म्हणतं बास झालं, तरी हा पान्यावर छातीचा भार टाकून म्हणणार, “अजून जरा.” त्यापायी वर्षाला डझनभर बोल्टांची मान मोडते. मोडल्यावर तो त्या बोल्टाकडे असा बघतो की चूक बोल्टाचीच असावी.

हात मात्र चांगला, हे कबूल करायलाच हवं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. खोटं काम करत नाही. दोष एवढाच की त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही, आणि माया करतानाही तो तसाच करतो. बायकोला एकदा पडसं झालं तर यानं घरातल्या सगळ्या खिडक्यांना रबरी पट्ट्या ठोकल्या. बिचारी आठवडाभर घुसमटत होती.

त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता आणि ती बारा. शाळा ओढ्यापलीकडे होती. पाणी चढलं की ती याला खांद्यावर बसवायची, दोघांची दप्तरं छातीशी कवटाळायची, आणि मग तिला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. तेव्हा हा वरून सांगायचा, पुढे दगड, आता डावीकडे, आता खोल आहे. चुकला तर दोघंही पाण्यात. एकदा मासा बघायच्या नादात चुकलाच. ताईनं काठावर आल्यावर ओल्या दप्तरानं पाठीत एक ठेवून दिली आणि मग स्वतःच हसत सुटली.

पुढे ताई नर्स झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. डोंगराच्या वरच्या अंगाला अकरा घरांची एक वस्ती आहे. तिथं आठवड्यातून दोनदा औषधं, इंजेक्शनं आणि तान्ह्या मुलांचं वजन करायचा काटा घेऊन जायचं, हे तिचं काम. एकोणतीस वर्षं करतेय. गाडी दवाखान्याची, जुनी फोर-बाय-फोर जीप, आणि चालवते ताईच. ड्रायव्हर दिले होते दोन-तीन. धुक्यात त्यांची गाळण उडाली.

धुकं तिथलं भारी. बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. मग ताई कशी जायची? मीटरवर. हीच तिची युक्ती. डोंगराच्या पायथ्याला लाकडाची वखार आहे. तिथं ती मीटरची घुंडी फिरवून आकडे शून्यावर आणायची आणि पुढे आकडे बघत गाडी हाकायची. दोन पॉइंट चारला वाकडं वळण. चारला ओढा. पाच पॉइंट सहाला रस्ता फुटतो: डावीकडे वस्ती, आणि सरळ गेलं की बंद पडलेली दगडाची खाण, तिथं रस्ता संपतो आणि खाली साठ फूट काही नाही. आठ पॉइंट आठला पहिलं घर. हे सगळं एका निळ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं, चाळीसेक नोंदी. पेन्सिलीनं अशासाठी की दरड पडली, वळण सरकलं, तर खोडून नवं लिहिता यावं.

तर झालं असं, की जीप वर जाताना एका दगडावर बसली. पोटाखालचं तेलाचं भांडं फुटलं. ताई सामान पाठीवर टाकून उरलेलं चालत गेली, चालत परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला हजर. पण बातमी मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेली. मोठे डॉक्टर माणूस वाईट नाहीत, पण कागदाचे. ते म्हणाले, “सिस्टर, तुमचं वय झालं, गाडीचं तुमच्याहून जास्त. दोन महिन्यांनी पहिल्या सोमवारी मी स्वतः तुमच्यासोबत येतो. गाडी धड वर गेली आणि धड खाली आली तर फेरी चालू. नाहीतर वरची फेरी बंद, ज्यांना गरज आहे ते खाली येतील.”

ज्यांना गरज आहे त्यांच्यात एक आजोबा होते दोन्ही गुडघे गेलेले, आणि एक पोरगी पहिलटकरीण, सातवा लागलेला. ते कसे खाली येणार हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

ताई गॅरेजात आली, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. “धाकट्या, हिला एवढं वर न्यायचंय रे फक्त.”

झालं. एवढंच म्हणायचा अवकाश, मिस्त्रीच्या अंगात संचारलं.

आता त्याच्या गॅरेजात हौशी लोकांच्या गाड्या येत असतात. उंच उचललेल्या, हत्तीच्या पायासारख्या टायरांच्या. त्या दगडांवरून कशा जातात ते यानं पाहिलेलं. त्यानं ठरवलं, ताईची जीप अशी करायची की दगडानं खालून वर बघत बसावं. चार रविवार खपला. जेवायला हाक मारली तर गाडीखालून नुसते पाय हलायचे. चाकांवरच्या स्प्रिंगचे नवे उंच पाटे घातले, चार इंच वर. अठ्ठावीस इंची टायर काढून बत्तीस इंची बसवले, चाकाच्या वाढीतली अर्धी गाडीला मिळते, म्हणजे तिथं आणखी दोन, एकूण सहा. ब्रेकचे पाइप लांब केले, मडगार्ड कापले, सगळं निगुतीनं. खरं तर दोन इंचांत भागत होतं. पण अजून जरा.

काम झाल्यावर ताई आली. जीपकडे बघितलं. मान वर करून बघावं लागलं. ताई म्हणजे पाच फूट, तेही चपलेसकट.

“केवढी केलीस रे,” ती म्हणाली.

“आता कशाला अडत नाही ही,” मिस्त्री म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की ताईनं पुढचं काय म्हणायचं ते गिळलं. त्याच्या गालावरचं ग्रीस पदरानं पुसलं आणि म्हणाली, “छान झाली.”

त्याच आठवड्यात मिस्त्रीच्या घरातला ओट्याजवळचा स्टूल हरवला. त्यानं बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “असेल कुठंतरी.” पुन्हा विचारलं तर म्हणाली, “स्टुलाला पाय असतात, गेला असेल फिरायला.” बायको असं बोलायला लागली की खोलात जायचं नाही, एवढी अक्कल त्याला पंचवीस वर्षांच्या संसारात आली होती.

तीन आठवडे गेले. ताई म्हणायची, उत्तम चाललीय. मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचा, माझ्या बहिणीची गाडी बघा. मग सोमवार पाच दिवसांवर आला असताना, बुधवारी, खाणीवरचा राखणदार मोटरसायकलचं पंक्चर काढायला आला. खाण बंद असली तरी लोखंड चोरीला जाऊ नये म्हणून त्याला तिथं ठेवलेला. बसल्या बसल्या त्यानं सहज विषय काढला.

“मिस्त्री, ताई बऱ्या आहेत ना?”

“बऱ्याच आहेत. का?”

“नाही, त्या दिवशी धुक्यात त्यांची जीप आली ना खाणीपर्यंत. मी आपला खोपटात. खडीवर चाकं घसरल्याचा आवाज आला म्हणून पळालो. पुढचं चाक कडेपासून असं दोन हातांवर.” त्यानं हात पसरून दाखवलं. “ताई खाली उतरल्या, मला म्हणाल्या पाणी दे. प्यायल्या. म्हणाल्या, धाकट्याला सांगू नको. आता तुम्हीच धाकटे हे माझ्या उशिरा लक्षात आलं.”

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. तो जवळच्या टायरवर बसला. नेमका बत्तीस इंचीच होता, जादा आणलेला. ताई खाणीकडे गेलीच कशी, हे त्याला कळेना. जी बाई डोळे मिटून तो रस्ता जाते, ती सरळ पुढे कशी गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता वखारीपाशी जाऊन उभा राहिला. ताईची जीप आली. “आज मी पण येतो,” तो म्हणाला.

“कशाला?”

“असंच.”

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलंच असणार. ती घुंडी फिरवायला हात लावणार, तेवढ्यात मागून कुणीतरी गोळ्या मागत आलं म्हणून तिला उतरावं लागलं. मिस्त्री बघत होता. तिनं आधी सीटखालून त्याच्या घरचा स्टूल काढला. स्टुलाच्या पायाला सुतळी बांधलेली. तो तिनं हळूच खाली सोडला, त्यावर एक पाय टेकला, दुखरा गुडघा हातानं धरून उतरली. चढताना परत तसंच. वर बसल्यावर सुतळी ओढून विहिरीतनं कळशी काढावी तसा स्टूल वर घेतला. तिला सवय झाली होती. मिस्त्रीला कुठं बघावं कळेना, म्हणून त्यानं काचेवरची धूळ पुसली.

मग चढ लागला. या चढाला ही जीप दुसऱ्या गिअरवर गाणं म्हणत जायची. आता पहिल्यावर टाकली तरी धापा टाकत होती. चाक मोठं झालं की इंजिनाला ते फिरवायला जास्त ओढावं लागतं. हे मिस्त्री दुसऱ्यांना शंभरदा सांगतो. वळणावर ताई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी झाली. रुंद टायर, त्यात जुनी गाडी, स्टिअरिंग सगळं दंडाच्या जोरावर. गाडी उंच झाल्यामुळे वळणात एका बाजूला कलत होती, आणि उतारावर ब्रेक दाबला तर थांबायच्या आधी चार हात विचार करत होती. खालून एक बारीक थरथर सतत येत होती. ती कशाची तेही त्याला माहीत होतं: गाडी वर गेली, इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तिरपा झाला. सगळं त्याला माहीत होतं. चार रविवारांत एकदाही आठवलं नव्हतं.

दगड मात्र एकही लागला नाही, हेही खरं. दगडांवरून ती राणीसारखी गेली.

आणि मग त्याचं लक्ष निळ्या वहीकडे गेलं. डॅशबोर्डवर उघडी होती. वाकडं वळण, दोन पॉइंट एक. ओढा, तीन पॉइंट पाच. फाटा, चार पॉइंट नऊ. पहिलं घर, सात पॉइंट सात. आकड्यांखाली खोडलेल्या जुन्या आकड्यांचे डाग होते.

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मीटरला काय, चाकाचे फेरे तेवढे कळतात. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, आणि मीटर बिचारा जुन्याच चाकाच्या हिशेबानं सांगतो. आठ किलोमीटर गेली तर दाखवणार सात. त्या दिवशी धुक्यात ताई पाच पॉइंट सहाची वाट बघत होती, आणि फाटा कधीच मागे पडला होता.

“ताई,” तो म्हणाला, “हे सगळे आकडे तू परत लिहिलेस?”

“हो. दोन सुट्ट्या गेल्या. उजेडात एकेक ठिकाणी थांबून लिहिले. आता काही चुकत नाही.”

“मला सांगायचं नाही का? काढून टाकले असते टायर.”

पुढे खड्डा होता, तो ताईनं चुकवला. “तू चार रविवार गाडीखाली झोपला होतास,” ती म्हणाली. “मला कुणी एवढं कधी केलंय रे? वही काय, खोडता येते.”

मिस्त्री खिडकीबाहेर तोंड करून बसला. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, आणि नाक ओढत होता. ताईनं न बघता कप्प्यातला कापूस पुढे केला.

परत आल्यावर त्यानं गॅरेजचं अर्धं शटर ओढलं. शुक्रवार, शनिवार. उंच पाटे काढले. जुने पाटे लोहाराकडे नेऊन त्यांना पुन्हा कमान काढून घेतली. गाडी घासत होती ती मुळात एवढ्याचसाठी, पाटे बसून सपाट झाले होते. एक जादा पाटा घातला. गाडी जुन्या मापापेक्षा एक इंच वर राहिली, बास. टायर पुन्हा अठ्ठावीस इंची, नवे, खोल नक्षीचे. तेलाच्या भांड्याखाली जाड लोखंडी पत्रा ठोकला, दगड लागलाच तर त्याच्यावर लागावा. दाराखाली एक पायरी जोडली. पायरीचं माप घ्यायला बायकोला उभं केलं, कारण ती ताईएवढीच.

शेवटचा नट आवळताना त्याचं तोंड उघडलं. बायको बघत होती. त्यानं तोंड मिटलं आणि पाना खाली ठेवला.

“बरं वाटत नाहीये का?” बायकोनं विचारलं.

“स्टूल आणलाय परत,” तो म्हणाला. “गेला होता फिरायला.”

रविवारी तो एकटाच जीप घेऊन वर गेला. वही ताईकडून मागून घेतली होती. दर सातामागे एक वाढवून आकडे गणितानं काढता आले असते, पण ताईचा जीव त्याला गणितावर ठेवायचा नव्हता. शिवाय नवे टायर जुन्यांसारखे घासलेले नव्हते, म्हणजे आकडा थोडा इकडेतिकडे व्हायची भीती होतीच. वखारीपाशी घुंडी फिरवली. प्रत्येक नोंदीला थांबला, उतरला, रस्ता पाहिला, खोडरबरानं ताईचा आकडा खोडला आणि आपला लिहिला. चाळीस ठिकाणी. ताईचं अक्षर खोडताना त्याला कसंतरीच होत होतं. फाट्यासाठी तो तीनदा वखारीपर्यंत मागं जाऊन, मीटर शून्यावर आणून, तीनदा आला. तीनदा आकडा एकच आला, तेव्हा लिहिला. मग खाणीच्या कडेपर्यंत चालत गेला, खाली पाहिलं, आणि लगेच परतला.

सोमवारी पहाटेपासून धुकं. असंच व्हायचं होतं.

मोठे डॉक्टर कोट घालून पुढे ताईशेजारी बसले. मिस्त्री मागे, औषधांच्या खोक्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन. गाडी अडली तर हाताशी मेकॅनिक असावा म्हणून डॉक्टरांनीच परवानगी दिली होती. ताई पायरीवर पाय ठेवून एका दमात चढली. पायरीकडे एकदा बघितलं.

वखारीपाशी तिनं घुंडी फिरवली. समोर पांढरा पडदा. डॉक्टरांनी काचेला नाक लावलं. “सिस्टर, दिसतंय का तुम्हाला काही?”

“काही नाही,” ताई म्हणाली आणि गाडी सोडली.

डॉक्टरांनी वरचं कडं पकडलं ते सोडलं नाही.

जीप दुसऱ्या गिअरवर चढली. मिस्त्री कान देऊन ऐकत होता; थरथर नव्हती. तेवढ्यात ताईनं डॅशबोर्डवरची वही उचलली आणि मान न वळवता मागे धरली.

“आकडे तू लिहिलेस. तूच वाच. मी मीटर बघत नाही, मला रस्ता बघू दे.”

“ताई, अगं तूच...”

“वाच रे.”

मिस्त्री पुढे झुकला. दोन सीटच्या फटीतून त्याला मीटर दिसत होता आणि ताईचा खांदा. एका हातात वही धरली. वाचायला लागला. “दोन पॉइंट चार. उजवीकडे, वाकडं.” ताईनं उजवीकडे घेतलं. रस्ता तिथंच होता. “पुढे दगड, डावं चाक वर.” डावं चाक वर गेलं आणि खाली आलं. “चार. पाणी. मधोमध घे.” चाकांखाली ओढा खळखळला. डॉक्टर एकदा त्याच्याकडे आणि एकदा ताईकडे बघत होते.

पुढचे दीड किलोमीटर मिस्त्रीनं मीटरवरची नजर हलवली नाही. पाच पॉइंट चार. पाच पॉइंट पाच. त्यानं लिहिलेला आकडा चुकलेला असेल तर समोर खाण होती, आणि गाडीत त्याची ताई होती, जिनं त्याला कधी पाण्यात पडू दिलं नव्हतं. एकदा सोडून, आणि ती चूक त्याचीच होती.

“पाच पॉइंट सहा,” तो म्हणाला. “आता डावीकडे. पूर्ण.”

ताईनं क्षणभरही वाट पाहिली नाही. हात आडवे टाकून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, त्या पांढऱ्या धुक्यातच. उजव्या खिडकीबाहेरून फाट्याचा चुना लावलेला दगड हातभर अंतरावरून मागे गेला.

डॉक्टरांनी कडं सोडलं आणि खिशातून रुमाल काढला. “सिस्टर,” ते म्हणाले, “हा रस्ता तुम्हाला पाठ आहे, की यांना?”

“मला पाठ आहे,” ताई म्हणाली. “पण तो सांगायला असला की मी पायांकडे बघत नाही. लहानपणापासूनची सवय आहे.”

मिस्त्रीनं वही डोळ्यांजवळ नेली. अक्षरं पुसट दिसत होती, पेन्सिलीची असतात तशी.

“पुढे काय आहे, धाकट्या?” ताईनं विचारलं.

“थांब, सांगतो,” तो म्हणाला. “आठ पॉइंट आठला पहिलं घर.”